आक-जारच्या सुनेची नवी कल्पना

आक-जारच्या ग्रामकचेरीत रायकान कामाला होती, आणि तिला अर्ध्या गावाची नावंच घेता येत नव्हती. मुकी नव्हती हो! बोलायला लागली की चहाचा समोवर उकळलेला बरा. पण आमच्याकडे सून सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांचं नाव तोंडाने घेत नाही. सासरे, थोरले दीर, चुलत सासरे, कुणाचंच नाही. त्यात आक-जार म्हणजे एकाच भावकीचं गाव. कुठलाही म्हातारा दिसला की तो तिचा कुठला तरी सासराच निघायचा.

लिहायला हरकत नव्हती. बोलायची वेळ आली की ती म्हणायची, "निळ्या फाटकवाले आबा", "लंगड्या घोड्यावाले आबा". कचेरीला ते सगळं पाठ झालं होतं. गावप्रमुख ताश्तानबेक बाहेरगावचा, तिच्यापेक्षा लहान आणि भारी चेष्टेखोर. तिला एजे, म्हणजे ताई म्हणायचा. एकदा म्हणाला, "एजे, लंगडा घोडा मेला की. आता त्या आबांना काय म्हणणार?"

"मेलेल्या घोड्यावाले आबा," रायकान म्हणाली आणि पुढचा अर्ज उचलला.

काम तिचं चोख, पण नोकरी हंगामी. दर वर्षी मुदत संपत आली की बिचारी नव्याने अर्ज लिहायला बसायची. नवरा मेदेर मेंढ्या घेऊन उन्हाळाभर वरच्या कुरणात, घरात शिकणाऱ्या दोन मुली. कायमची नेमणूक व्हावी, एवढं एकच मागणं तिचं होतं.

वसंतात तालुक्याला कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण निघालं. राजधानीहून एक तरतरीत मुलगी शिकवायला आली होती. तिने रंगीत चिठ्ठ्या वाटल्या आणि म्हणाली, "प्रत्येकाने एक नवी कल्पना लिहायची आणि भिंतीवर चिकटवायची." कुणी लिहिलं, खुर्च्या नव्या हव्यात. एकाने लिहिलं, दुपारच्या जेवणाची सुट्टी वाढवा. रायकानने मात्र जीव ओतून लिहिलं: 'लोक अर्ज देतात, पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. गाव जमवा. एकेकाचं नाव घेऊन उभं करा आणि त्याच्या कामाचं काय झालं ते सगळ्यांदेखत सांगा.'

मुलीने ती चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवली. तालुक्याचे साहेब म्हणाले, "वा! महिन्याभरात तुमच्याच गावात करून दाखवा. मी स्वतः येतो. जमलं तर तुमच्या नेमणुकीचं मनावर घेऊ. पण सभा तुम्हीच चालवायची हं, प्रमुखांनी नाही."

रायकान हवेत तरंगतच परतीच्या गाडीत बसली. घाट अर्धा चढून झाला आणि एकदम तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकेकाचं नाव घेऊन! तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, हे काय लिहून बसले मी!"

शेजारच्या म्हातारीने विचारलं, "काय विसरलीस, पोरी?"

"मी सून आहे, हेच विसरले!"

सभेचा दिवस उजाडला. गावच्या सभागृहात लग्नालाही जमत नाही एवढी गर्दी. पुलाचं किंवा पाण्याचं काय झालं याची कुणाला पडली होती? सगळे आले होते ते सून नाव घेते की नाही ते बघायला. मागच्या बाकावर पैजा लागल्या होत्या. साहेब आणि ती प्रशिक्षणवाली मुलगी पुढे बसली. त्यांच्या मागेच पांढरी उंच टोपी घालून, काठीवर हनुवटी टेकून सोरोंबाय आबा. रायकानच्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. सून कचेरीत बसायला लागली तेव्हा "मग घरी चहा कोण करणार?" असं सगळ्या गावाला ऐकवणारे तेच. आणि नशीब बघा, पहिला अर्ज त्यांचाच.

रायकान उभी राहिली. नाव घेतलं तर सासरी तोंड दाखवायला जागा नाही, नाही घेतलं तर नोकरी गेली. इकडे आड, तिकडे विहीर.

"पहिला अर्ज," ती म्हणाली, "कब्रस्तानाच्या वाटेवरच्या पुलाचा. अर्ज आहे..."

सगळं सभागृह पुढे वाकलं. साहेबांनी भुवया उंचावल्या.

"अर्ज ज्यांचा आहे, त्यांनी उठून आपलं नाव आपल्या तोंडाने सांगावं," तिने एका दमात सांगून टाकलं. "स्वतःचं नाव घ्यायला कुणाला बंदी आहे?"

कुणीतरी फिसकन हसलं. आबा हलेनात. मग काठी आपटत उठले.

"मी सोरोंबाय," ते गरजले. "बाप सातीबाल्दी. त्याचा बाप जांतेली." आणि एकदा सुरू झाल्यावर कुठले थांबतात! आमच्याकडे सात पिढ्यांचे बाप ज्याला सांगता येत नाहीत तो अनाथ, म्हणतात. आबांनी सातवा बाप सांगितला तेव्हा सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

"हां. आता सांग, पुलाचं काय?"

"झाला नाही, आबा," रायकान म्हणाली. "फळ्या आल्या त्या लांबीला कमी पडल्या. दुसऱ्या मागवल्यात. गवताच्या कापणीआधी पूल झाला नाही, तर मला येऊन विचारा."

"तुला म्हणजे कुणाला?"

"मला, आबा. तुमच्या सुनेला."

"सून घरात!" आबांनी काठी आपटली. "गावात सुना पन्नास आहेत, मी कुणाकुणाच्या दारात जाऊ? आम्ही आमचं नाव सांगितलं. आता उत्तर देणाऱ्या माणसाने आपलं सांगावं. बाप सांग. सगळे सांग."

रायकान गांगरली. लग्न होऊन या गावात आल्यापासून तिला कुणी तिचे बाप विचारले नव्हते. इथे ती कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको.

"रायकान," ती म्हणाली. "बाप इसाबेक. त्यांचे वडील तोक्तोमात..." नावं आपोआप येऊ लागली, लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून पाठ केलेली. सातव्याला तिला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही. मागच्या बाकावरच्या बायका तर केव्हाच डोळे पुसत होत्या.

आबा साहेबांच्या खांद्यावरून वाकले. "लिहून घ्या. रायकान, इसाबेकची. पूल होईपर्यंत हिला इथून हलवायचं नाही."

साहेब हसले. "आणि पूल झाल्यावर, आबा?"

"मग शाळेचं छप्पर आहे," सोरोंबाय आबा म्हणाले. "ते झालं की पाण्याचा पाट. माणूस कायमचा लागतो, साहेब, एवढं कळत नाही?"