आतला नट

आमच्या मेव्हण्यांइतका संशयी माणूस साऱ्या सोलापूर जिल्ह्यात झाला नसेल. माणसांवर संशय नव्हता. माणसांनी त्यांना खुशाल फसवावं. संशय होता तो नटांवर, त्यातही इंजिनाच्या पोटात दडलेल्या नटांवर. विजापूर रस्त्यावरच्या त्यांच्या गॅरेजात मातीतल्या शर्यतींच्या मोटरसायकली येत. कोरी गाडी आली तरी हे आधी तिचं इंजिन उघडायला बसत. मालक कळवळे, “अहो, कंपनीनं घट्ट बांधलेलं असतं!” यांचं उत्तर ठरलेलं, “उड्या कंपनी मारती व्हय?” मग क्लचमागचा नट काढायचा, आटे पेट्रोलनं धुवायचे, नट धरून ठेवणाऱ्या गोंदाचे दोन थेंब, नवं वॉशर, आणि मोजून ताण देणाऱ्या पान्यानं आवळणं. पाना ‘टक्’ म्हणाला की स्वतःही ‘टक्’ म्हणत. हा रोग गॅरेजपुरता असता तरी चाललं असतं. आमच्या लग्नात ऐन पंगतीत ते टेबलाखाली शिरले. माझी आई किंचाळली, तेव्हा खालून आवाज आला, “मावशी, हलू नका, एकच ऱ्हायलाय.”

चाळिशीत मला शर्यतीची हौस आली. जुनी गाडी घेतली आणि त्यांच्याकडे नेली. “दोन दिवस ठेवा,” ते म्हणाले. “आतला नट बघतो. नट सुटताना सांगून सुटत न्हाय, दाजी.” मित्र हसले, “इंजिन बघतोय की बाळंतपण करतोय?” मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मेव्हणे जेवायला घरी गेलेले पाहून मी गाडी तशीच, न उघडलेली, काढून आणली.

रविवारी मंद्रूपच्या पुढच्या माळावर दुसऱ्याच उडीला इंजिनात खळ्ळ झालं, मागचं चाक जागीच जाम झालं आणि मी हँडलवरून पुढं फेकला गेलो. खांदा तीन ठिकाणी मोडला.

दवाखान्यात खाटेच्या पायथ्याशी मेव्हणे उभे होते. आईनं विचारलं, “गाडी कुणी बांधली होती?”

“ह्यांनीच की,” मेव्हण्यांकडे बोट दाखवत मित्र म्हणाला.

मी डोळे मिटून घेतले. गुंगी केव्हाच उतरली होती. मेव्हणेही काही बोलले नाहीत. बोभाटा झाला, शर्यतवाले फिरकेनासे झाले, गॅरेज बंद पडलं. आमच्या हिनं तर सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं, आणि मी ते टाकू दिलं.

आता ते मंद्रूपच्या बाजारात फवारणीचे पंप दुरुस्त करत बसतात. दोन वर्षांनी धीर करून मी तिथं गेलो. म्हटलं, “त्या दिवशी गाडी मी—”

“ठावं हाय की,” ते मान वर न करता म्हणाले. “मागनं इंजिन मीच उघडलं. नट गिअरच्या दातांत भरडलेला, गोंदाचा टिपूस न्हाय.”

“मग बोलला का नाहीत?”

“तिला तुमच्यासंगं दिवस काढायचंत, दाजी. माझ्यासंगं न्हाय.”

त्यांनी चहा मागवला. माझा हात कुठवर वर जातो ते करून दाखवायला लावलं. खांद्याच्या वर गेला नाही, तर आपणच ओशाळले. निघताना बोरांची पिशवी हातात दिली. “तिला लई आवडतात. मी दिली म्हणू नका.”

घरी हिनं एक बोर तोंडात टाकलं. “किती गोड आहेत! कुठून आणली?”

“बाजारातून,” मी म्हणालो.