बोरच्या वाटेवर दगड होताना

रेवाच्या शाळेची निसर्ग-मोहीम बोरच्या वाघांच्या जंगलात जाणार हे कळलं, तेव्हा मी आधी 'नाही' म्हटलं आणि मग सोबत येणाऱ्या पालकांमध्ये स्वतःचंच नाव दिलं. मागच्या वर्षी अंगणात गांधीलमाशी चावली, तर लेकीचा चेहरा सुजून श्वास अडकायला लागला होता. वेळेत दवाखाना गाठला म्हणून वाचली. तेव्हापासून डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन पर्समध्ये आणि भीती पोटात, दोन्ही कायम सोबत असतात.

सकाळी पिपरी मेघेहून बस निघाली. सातवीचा वर्ग, विज्ञानाच्या गजभिये मॅडम आणि आम्ही चार पालक. सेलूपर्यंत रस्ता छान आहे, हिंगणीच्या पुढे अरुंद होतो, तेव्हा मुलं सोबत असतील तर उलटीच्या गोळ्या ठेवा. सेलूला केळी घ्या, पण जंगलाच्या गेटआधी संपवा, वानरं हातातून ओढून नेतात. गेटचे दर आणि सुट्टीचा वार आधीच विचारून घ्या.

बसमध्ये मुलांनी आम्हाला वर्गातला एक सराव दाखवला. मॅडम 'दगड!' म्हणाल्या की सगळे खाली बसतात, तोंड गुडघ्यात, डोक्यावर ओढणी नाही तर दप्तर, आणि आवाज एकदम बंद. मधमाश्या उठल्या तर असं करायचं म्हणे. आम्ही पालक कौतुकानं हसलो आणि केळी सोलायला लागलो.

जंगलात वाघ दिसला नाही. त्याचा आनंद झालेली बहुधा मी एकटीच. धुळीत त्याच्या पंजांचे ठसे होते, ते बघूनच मी रेवाला मागे ओढलं. कुठे पाचोळा वाजला की मी रेवाचा दंड धरायची.

"आई, हात दुखून राह्यला माझा," ती शेवटी वैतागली.

तिच्या मैत्रिणीचे बाबा, दिलीपभाऊ, यांना तर दिवसभराचा विषयच मिळाला. "काऊन वहिनी, वाघानं तुमचाच पत्ता इचारला का?" सगळी बस हसली. मीही हसले, पण लागलं ते लागलंच.

दुपारचं जेवण जंगलाबाहेर, दिलीपभाऊंच्या सासुरवाडीच्या शेतात होतं. आमच्याकडे शेतातलं जेवण म्हणजे पानगे: पळसाच्या पानात गुंडाळलेली कणीक गोवऱ्यांच्या आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, भाजायची, वर तूप, सोबत वांग्याची भाजी. सावली हवी म्हणून गोवऱ्या वडाखालीच रचल्या. निम्मी मुलं मॅडमसोबत नाल्याचं पाणी तपासायला गेली, निम्मी सतरंजीवर बसली.

रेवा मान वर करून बघत होती. "आई, वर मोहोळ आहे. आग्याचं."

दिलीपभाऊंनीही पाहिलं. "लय वर आहे बा ते. काही नाई होत."

'चूल दुसरीकडे मांडू' हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण पुन्हा सगळे हसतील म्हणून मी, दिवसभर नको तिथे घाबरलेली बाई, नेमकी तिथेच गप्प बसले.

गोवऱ्यांचा धूर सरळ वर गेला. थोड्या वेळानं वडात गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज आला. दिलीपभाऊ दुपट्टा फिरवत शेतात धावत सुटले. नाल्याकडून मॅडमचा आवाज आला, "दगड!" आणि मुलांनी सतरंजी डोक्यावरून ओढली. रेवा तिच्याखाली दिसेनाशी झाली.

मी चुलीजवळ उभी. पर्स बसमध्ये. बस रस्त्यावर. मी रेवाकडे धावले, तर मॅडम ओरडल्या, "रेवाची आई, खाली बसा! माश्या तिच्याकडे न्याल तुम्ही!"

सतरंजी माझ्यापासून चार हात दूर होती. मी तिथेच पडले, पदर तोंडावर घेतला. मानेवर चावली, कानावर चावली. सतरंजीखाली कुणीतरी खोकत होतं आणि तो खोकला माझ्याच लेकीचा होता. तिचा श्वास अडकतोय का, हे बघायलासुद्धा मला हलता येत नव्हतं. आयुष्यात इतकी भ्याले नाही मी.

मग सतरंजीखालून अगदी हळू आवाज आला, "मले नाई चावलं, आई. धूर गेला नाकात. तू हलू नको."

आर विझला, माश्या पांगल्या, ड्रायव्हरनं काचा लावून बस शेतात आणली. एकाही मुलाला फार चावलं नव्हतं. सुजलो आम्ही मोठे. दिलीपभाऊंना दवाखान्यात ठेवावं लागलं. नंतर घरी येऊन म्हणाले, "वहिनी, मी हसाले नाई पाह्यजे होतं तुमाले." मी चहा टाकला.

तुम्ही जाल तर जरूर जा, जंगल सुंदर आहे. फक्त चूल मांडण्याआधी वर बघा, आणि मूल काही दाखवत असेल तर ऐका.

माझ्या मानेवरची सूज गेली, भीती गेलेली नाही. पुढच्याच महिन्यात वर्गाची दोन दिवसांची छावणी निघाली, या वेळी पालकांशिवाय. मी इंजेक्शन मॅडमच्या हातात दिलं, कसं टोचायचं ते दाखवलं. रेवा खिडकीत बसली. बस हलली तसे माझे पाय आपोआप तिच्यामागे निघाले.

खिडकीतून रेवानं माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले, "दगड."

मी थांबले. बस वळणाआड जाईपर्यंत जागची हलले नाही.