वहिनीने बियाण्याला हात लावायचा नाही

वहिनी धानाचा दाणा दाताखाली कडकन फोडायची आणि हे बियाण्याला ठेवा, ते गिरणीवर धाडा, असं तिथल्या तिथे सांगून मोकळी व्हायची. दवनीवाड्याला आमच्या घरी लग्न होऊन आली तशी बियाणं तीच निवडायला लागली. दादाने शंका काढली की म्हणायची, "मंग तुम्हीच चावून पाहा ना. दात नाही देले का देवानं?" माझ्या आईसमोर असं बोलायची छाती त्या घरात आणखी कोणाची नव्हती.

मग तिच्या गळ्याला गाठ आली. थायरॉईडचा कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं, पुढे किरणोत्सारी आयोडीनचा डोस देऊन तिला खोलीत एकटीला ठेवलं. आम्ही इकडे काळजीने अर्धमेले, तर बाई फोनवर म्हणते कशी, इथं आयता चहा मिळते अन् कोणी काम सांगत नाही. मी हसले आणि फोन ठेवून रडले.

घरी आल्यावर थोडे दिवस ताट नि खाट वेगळी ठेवायची होती, बस. डॉक्टर भला माणूस. दादाने मुलाबाळांचं विचारलं, तेव्हा त्यांनी आम्हाला कळेल असं सांगितलं. या औषधाने पेशींतल्या गुणसूत्रांना थोडी इजा होऊ शकते, बियाण्याला झळ लागावी तशी. शरीर ती बहुतेक भरून काढतं. वर्षभर थांबा, मग मूल होऊ द्या. आईने त्यातलं बियाणं आणि झळ तेवढं उचललं. झालं! वहिनीला धानाच्या बियाण्याजवळ फिरकायची बंदी. जणू तिचा हात लागला की आमच्या शेतातल्या धानाच्या साऱ्या बांध्या करपणार होत्या. माझा नुसता संताप व्हायचा, पण लग्न करून कुडव्याला दिलेल्या लेकीचं माहेरी कोण ऐकतं?

वर्ष सरल्यावर वहिनीच दादाला ओढून तपासणीला घेऊन गेली. सोबत मी होते. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल मूल होऊ द्या. दादा अडून बसला, काहीच होणार नाही असं लिहून द्या म्हणे. तसं मी कोणाच्याच मुलाबद्दल लिहून देऊ शकत नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि दादाने मान डोलावली. त्याला पाहिजे तेच मिळालं होतं. बाहेर येताच वहिनीने विचारलं, "अन् तुमची ग्यारंटी कोणी लिहून देली हाये?" दादा आम्हाला मागे टाकून भराभर स्टेशनाकडे चालत सुटला.

मूल झालं नाही. गावाने आजाराला बोल लावला, आईने नशिबाला. वहिनीचं मात्र सकाळी उपाशीपोटी गोळी, मग चूल, गोठा, रोवणी, तेच ते चालू राहिलं. माहेरी जाऊन राहा असं मी म्हटलं तर म्हणायची, तिथं तरी कोण वाट पाहून राहिलं?

आई गेली. वहिनीच्या केसांत पांढरं दिसायला लागलं. एकदा आम्ही दोघी भाजी निवडत बसलो होतो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की डॉक्टरांनी हो म्हटलं होतं, तर तू हट्ट धरायला पाहिजे होता.

तिने मान वर केली नाही.

"कोणापाशी धरू, बाई? ऑपरेशन करून नागपूरहून आली तवापासून तुमचे भाऊ खोलीची कडी आतून लावून झोपतेत. ठोकून पाहिलं म्या दार. लय दिवस ठोकलं."