गाभ्याची फळी

पॉपलरच्या लाकडाच्या ओल्या भुशाचा आंबूस वास आला की धाकट्या भावाने केलेला पाळणा आठवतो. सातपूरला खोक्यांच्या कारखान्यात मी फळ्या निवडायचे. पॉपलरच्या खोडाची सालीकडची फळी टणक असते, गाभ्याजवळची मऊ, वाळली की पिळवटते. मालकांना विचारून तान्ह्या लेकीसाठी मी सालीकडच्या फळ्या बाजूला काढल्या आणि तिथेच सुतार असलेल्या भावाला दिल्या. पाळणा रंगवून आला. महिन्याभरात त्याचा तळ पिळवटला, लेक कडेला घसरली. मी नखाने रंग खरवडला, तर खाली गाभ्याचं लाकूड. "माझ्या फळ्या कुठं गेल्या रे?" "सासऱ्यांना देव्हारा करून दिला. अगं ताई, लाकूड ते लाकूड. तुला काय कळतंय त्यातलं?" मी लेकीला झोळीत निजवलं. अजूनही त्याच्या सासुरवाडीला कार्याला गेले की सगळ्यांसारखी मीही त्या देव्हाऱ्यापुढे हात जोडते, डोळे मात्र मिटत नाहीत.