गाळ्याचा कौल

४ मार्च १९८४, रविवार. रक्कम दोन हजार रुपये, त्यातले निम्मे माझे. जागा नाहूरमधलं आमचं घर. हजर माणसं चार: मी, माझी बायको, वरच्या मजल्यावर राहणारा माझा भागीदार आणि मुलुंडच्या गाळ्याचे मालक शेठ. शेठनी नोटा दोनदा मोजल्या आणि सांगितलं, एकतीस तारखेपर्यंत वीस हजार डिपॉझिट आणलंत तर गाळा तुमचा, नाही आणलंत तर हे टोकन परत मागायला यायचं नाही. आम्ही दोघांनी माना डोलावल्या.

भागीदार आमच्याच विक्रोळीच्या कारखान्यात टर्नर होता. मी स्टोअर्समध्ये. वय चव्वेचाळीस, नोकरी सोळा वर्षांची, पगार पंधराशे चाळीस. ज्याला मी रजिस्टर भरायला शिकवलं तो आदल्या वर्षी माझा साहेब झाला होता आणि माझ्या रजेच्या अर्जावर सही करताना खुर्चीत मागे रेलून माझ्याकडे बघायचा. आता सुटलो नाही तर कधीच सुटणार नाही, असं मला वाटत होतं.

धंदा सरळ होता. कंपनी पितळेचे बुश बाहेरून करून घ्यायला लागली होती. रोज तीनशे नगांचं काम मिळणार होतं, नगाला पंचाहत्तर पैसे. भाडं, वीज आणि मशीनचा हप्ता वजा जाता दोघांना महिन्याला प्रत्येकी अठराशे साडेसदतीस रुपये सुटत होते. मी हा हिशोब चार वेळा केला. दोघांनीही राजीनामा द्यायचा, त्याने लेथ चालवायचा, मी माल आणायचा, पोचवायचा आणि वही सांभाळायची, असं ठरलं होतं.

शेठ गेल्यावर भागीदार म्हणाला की शिमग्याला गावी जातोय, तेव्हा देवाला विचारून येतो. त्याचं गाव रत्नागिरीकडचं. तिथे घर बांधायचं असो की मुलीचं लग्न, ग्रामदेवतेला कौल लावल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. गुरव देवाच्या अंगावर ओल्या कळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

मी म्हटलं, "टोकन दिल्यावर देवाला विचारतोस? आधी नाही का विचारायचं?"

"आधी विचारायला गाळा कुठे होता? देवाला काय हवेतलं विचारू?" तो म्हणाला. "तुम्हा घाटी लोकांचं बरं आहे रे. बायकोला विचारलं की झालं."

"मला तरी कुठे विचारलंय?" बायको कपबशा उचलता उचलता म्हणाली.

तो चार दिवसांची रजा टाकून गेला आणि दहा दिवस आलाच नाही. पालखी घरोघर फिरत होती, आणि देव देवळात परतल्याशिवाय कौल लागत नाही, असा निरोप त्याच्या बायकोकडे आला. इकडे मशीनवाला विचारत होता, शेठचा माणूस दोनदा येऊन गेला. मी फंडातून कर्ज काढून माझे दहा हजार तयार ठेवले होते. त्यांच्यावर व्याज चढत होतं आणि देव गावात फिरत होते.

सत्तावीस तारखेला तो आला. जिन्यातूनच ओरडला, "उजवा मिळाला!" मी त्याला घरात बोलावून पाणी दिलं. मग सहज विचारलं की गाऱ्हाणं नेमकं काय घातलं.

गाऱ्हाणं त्याच्या थोरल्या भावाने सांगितलं होतं आणि गुरवाने घातलं होतं: लेकरू मुंबईतली नोकरी सांभाळून धंदा करू म्हणतंय, त्यात यश असेल तर उजवा दे.

"नोकरी सांभाळून? आपलं काय ठरलं होतं?"

"अरे, मोठ्या भावापुढे नोकरी सोडतो म्हणून कसं सांगणार? तिथल्या तिथे आडवा आला असता."

"मग परत लाव कौल. नीट विचार."

"मिळालेला कौल परत फिरवत नाहीत. आता देवाने नोकरी सांभाळ म्हटलंय तर सोडायची कशी? तू दे राजीनामा. मी सुटलो की रोज तीन तास येतो."

मी पेन्सिल घेतली. तीन तासांत एकशे दहा नग. खर्च जाता महिन्याला दोघांत मिळून एकशे बारा रुपये पन्नास पैसे. दिवसपाळीला हजार रुपयांवर दुसरा टर्नर ठेवला तर माझ्या वाट्याला पगारापेक्षा दोनशे कमी. मला स्वतःला लेथ येत नव्हता. कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो वाचला आणि म्हणाला, "हे तुझं गणित झालं. उजवा आहे म्हटल्यावर काहीतरी मार्ग निघेल."

नंतरचे तीन दिवस मी त्याच्या भावजींकडून, त्याच्या बायकोकडून, अगदी आमच्या इमारतीतल्या त्याच्या गाववाल्याकडूनही सांगून पाहिलं. सगळ्यांना माझं पटत होतं. आणि कौल उजवा होता हेही पटत होतं. त्या माणसाशी भांडायलाही काही धरता येत नव्हतं, कारण त्याने नाही म्हटलंच नव्हतं. माझी बायको मलाच म्हणाली, "प्रश्न काय घालायचा ते तुम्ही त्याला आधी घोटून का नाही दिलंत?" मला ते सुचलं नव्हतं. आमच्या साताऱ्याकडच्या घरात ही रीत नव्हती.

राजीनामा मी दिला नाही. एकतीसला शनिवार होता. दुपारी एकटाच मुलुंडला जाऊन शेठना नाही म्हणून आलो. टोकनचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. सोमवारी पुन्हा स्टोअर्समध्ये त्याच साहेबासमोर उभा राहिलो.

त्याच आठवड्यात भागीदार खाली आला. त्याने गुरवाची दक्षिणा एक्कावन्न आणि नारळ-विड्याचे नऊ असे साठ रुपये सांगितले. गाऱ्हाणं दोघांच्या धंद्याचं होतं, तेव्हा खर्च दोघांचा, असं त्याचं म्हणणं. मी आकडे मांडून पाहिले, हिशोब चुकीचा नव्हता. फंडाचं व्याज सोडून एकूण माझे गेले ते असे: शेठना टोकनचे एक हजार, आणि कौलाच्या खर्चातले तीस रुपये भागीदाराला, रोख.