ओव्हनमधली हलगी

हलगी ओव्हनमध्ये ठेवायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. कल्पना आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींची. माणूस पुण्याचा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि जगातल्या प्रत्येक अडचणीवरचा तोडगा आपल्याच खिशात आहे अशी त्याची पक्की समजूत. पण ओव्हन सुरू झाला तेव्हा मी दोन हात अंतरावर उभा होतो, आणि पुढे काय होणार हे तिथे फक्त मला माहीत होतं.

आखातातल्या मराठी माणसांचं संमेलन त्या वर्षी बहरीनला होतं, ईसा टाउनच्या शाळेत. लोककलेच्या नावाने साताऱ्याकडचे तिघे बोलावले होते. एक म्हातारा हलगीवाला, आणि त्याच्याबरोबर घुमकं आणि कैताळ वाजवणारे दोघे. शुक्रवारी सकाळी मुलांना शिकवायचं आणि संध्याकाळी वाजवायचं. माझी गाडी मोठी, म्हणून त्यांना विमानतळावरून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी तसा तापट. विमान उशिरा आलं, सेक्रेटरी शेजारी बसून बडबड करत होते, माझं डोकं आधीच फिरलेलं होतं.

म्हातारा सत्तरीचा असेल. बाकीचं सामान त्याने डिकीत ठेवू दिलं, पण जुन्या धोतरात गुंडाळलेली हलगी मांडीवरच ठेवली. थोड्या वेळाने म्हणाला, "साहेब, ह्यो गारवा बंद करता का? कातडं सुस्तावतंय." मी एसी बंद केला. सेक्रेटरी घामाघूम झाले, मला बरं वाटलं.

"हलगी जुनी दिसते," सेक्रेटरी रुमालाने मान पुसत म्हणाले.

"माझ्या वस्तादाची हाय. मी पंधरा वर्सं त्यांच्या हाताखाली काडलीत. त्यांचा ल्योक लांबच्या देशाला असतोय. त्याला नको हुती म्हनं. वस्ताद गेल्यावर लेकीनं मला दिली." त्याने धोतर सोडून हलगीवर टिचकी मारली. "मयतालाबी मीच वाजिवली. ल्योक पोचला न्हाई."

सिग्नलला गाडी थांबली होती. मी आरशात पाहिलं. हलगीच्या लोखंडी कड्यावर एका जागी झाळल्याने आलेला ओबडधोबड गाठीसारखा उंचवटा होता. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली तरी मला कळलं नाही, आणि सनाबिसचं वळण चुकून मी भलतीकडेच गेलो.

तो उंचवटा माझा आहे. चौथीत असताना शाळेतल्या पोरांनी मला चिडवलं. गावात लग्न असो की मयत, पुढे आमच्या वस्तीची हलगी, आणि त्याच गावात आम्हाला चहा उंबऱ्याबाहेर, वेगळ्या कपात. घरी आलो आणि वडिलांची हलगी उचलून दगडावर आपटली. कडं तुटलं. वडिलांनी हात उगारला नाही. लोहाराकडे जाऊन झाळून आणलं, नवं कातडं चढवलं, आणि संध्याकाळी चुलीपुढे बसून मला शेकायला शिकवलं. हलगी जाळापासून वीतभर लांब धरायची, सारखी फिरवायची, मधूनमधून टिचकी मारून आवाज ऐकायचा. "सूर चढला की काढायची. जरा जास्त झालं की फुटतंय बघ," ते म्हणाले होते.

हा म्हातारा वडिलांकडे आला तो मी शिकायला गाव सोडल्यावर, त्यामुळे आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. वडील वारले तेव्हा इथे माझा व्हिसा नूतनीकरणाला गेला होता. पासपोर्ट ऑफिसात अडकला, हे खरं आहे. पण मी साहेबाच्या केबिनबाहेर जाऊन रडलो नाही, आरडाओरडा केला नाही, हेही खरं आहे. बहिणीने फोनवर विचारलं, हलगीचं काय करू. मी म्हणालो, देऊन टाक कुणालाही.

आणि इथे? इथे माझे वडील शाळामास्तर होते. पहिल्या वर्षी अदलियाच्या एका हॉटेलात जेवताना कुणीतरी विचारलं, तेव्हा तोंडातून निघून गेलं. माझ्या आडनावावरून काही कळत नाही, ती सोय होती. एकदा खोटं बोललो, मग सतरा वर्षं त्याला खतपाणी घालत बसलो. मास्तरांना गणिताची आवड होती, मास्तर फार कडक होते. लाज वाटते आता लिहिताना. तेव्हा वाटत नव्हती, हे जास्त वाईट.

शुक्रवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये तीसेक मुलं जमली. सगळी मराठी समजणारी आणि इंग्रजीत उत्तर देणारी. कार्यशाळेसाठी प्लास्टिकच्या पडद्याच्या डफल्या आणल्या होत्या. म्हातारा एकेकाचा हात धरून शिकवत होता. माझी नऊ वर्षांची मुलगी पहिल्या रांगेत होती. तिने लग्नाची चाल दोनदा ऐकली आणि तिसऱ्यांदा वाजवली. म्हातारा थांबला.

"कुनाची गं तू?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुढच्या मुलाकडे गेला. मी उगाच फोन काढून बोलायला लागलो. पलीकडे कुणीच नव्हतं.

दुपारपर्यंत हलगीने जीव सोडला. हवा दमट, त्यात हॉलमधला एसी. वाजवली की ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज यायचा. म्हातारा म्हणाला, "चार काटक्या पेटवून द्या भायेर. दहा मिन्टांचं काम हाय."

शाळेचा वॉचमन मल्याळी. त्याने दोन्ही हात हलवले. "आग मफी, साब. मफी!" इथल्या बोलीत मफी म्हणजे नाही.

"काळजी नको," सेक्रेटरी म्हणाले. "आपल्याकडे ओव्हन आहे की!" खाण्याच्या स्टॉलवर पॅटिस गरम करायला एका बाईंनी मोठा विजेचा ओव्हन आणला होता. हलगी आत बसते का पाहिलं. बसली. सेक्रेटरी खूष. "एकशे साठवर ठेवू. पाच मिनिटं बास."

म्हातारा वाकून काचेतून आत बघत होता. "ह्यात जाळ दिसत न्हाई," तो म्हणाला. "फिरवायची कशी? आवाज कसा ऐकायचा?" मग तो सरळ उभा राहिला. "मला ह्यातलं कळत न्हाई. कुनाला ठावं हाय का, ह्यात चालंल का?"

त्याने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. सेक्रेटरींकडे, स्टॉलवरच्या बाईंकडे, माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ.

एवढंच म्हणायचं होतं, अहो, बंद डब्यात कातडं फुटतं. बास. पण लगेच सेक्रेटरी विचारणार, तुम्हाला हो कसं माहीत? मी म्हणू शकलो असतो की कुठेतरी वाचलं. इंजिनियर माणूस, उष्णता, प्रसरण, काहीही फेकलं असतं तरी खपलं असतं. आज हजार उत्तरं सुचतात. तेव्हा मी स्टॉलवरचे पॅटिस मोजत होतो. आजूबाजूला माझ्या ऑफिसातली दोघं होती. माझी बायको होती, तिला सगळं माहीत आहे, तीही माझ्याकडेच बघत होती.

"यल्ला, चला, ठेवा हो," सेक्रेटरी म्हणाले आणि बटण फिरवलं.

चौथ्या मिनिटाला फटाका फुटावा तसा आवाज झाला. स्टॉलवरच्या बाई किंचाळल्या. दार उघडलं तर कातडं मधोमध फाटून दोन्ही बाजूंनी वळलेलं, आणि जळक्या केसांचा वास.  म्हाताऱ्याने पंच्यात धरून कडं बाहेर काढलं आणि तो भिंतीशी जाऊन बसला. सेक्रेटरी "सॉरी, सॉरी" करत त्याच्यामागे फिरले. नवी हलगी घेऊन देऊ म्हणाले. मी तिथून निघालो आणि पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी त्याने प्लास्टिकची डफली वाजवली. तिच्यातूनही त्याने चाल काढली, हॉल डोक्यावर घेतला. लोक नाचले, सेल्फी काढले. सेक्रेटरींनी शाल दिली आणि माइकवर सांगितलं की आपली लोककला सातासमुद्रापार पोचली. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात वाजवल्या असतील.

दुसऱ्या दिवशी त्यांना विमानतळावर सोडायलाही मीच. मुलगी हट्ट करून बरोबर आली होती. आपण वाटेत उतरून पळून जावं असं मला वाटत होतं. सामान उतरवलं, दोघे पुढे गेले. म्हातारा मागे थांबला. धोतरात गुंडाळलेलं कडं त्याने माझ्यापुढे धरलं.

"मला कशाला?" मी म्हणालो. "गावी जाऊन नवीन कातडं चढवा ना. खर्च आम्ही देतो."

"कातडं चढंल वो. कुटंबी चढंल." त्याने ते माझ्या हातात कोंबलं. "साहेब, काल म्या सगळ्यांस्नी इचारलं. कुनाला ठावं हाय का. आठवतंय?"

मी धोतराची घडी नीट करायला लागलो.

"फुटल्यावर सगळी दचकली. तू फुटायच्या आदीच डोळं मिटलंस."

साहेबचा 'तू' झालेला मला ऐकू आला. मी इकडेतिकडे बघितलं, कुणी ओळखीचं नाही ना म्हणून. अशा वेळीही बघितलं.

"वस्तादांनी तुला कदी बोल लावला न्हाई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. "आमी म्हनायचो, पोरगं इचारत न्हाई, येत न्हाई. तर म्हनायचे, त्याचा दोष न्हाई. गावात गप ऱ्हायला म्याच शिकिवलं त्याला."

तो वळला आणि काचेच्या दारातून आत गेला.

मी गाडीत येऊन बसलो. धोतराच्या घडीतून माझ्या बोटाला तो उंचवटा लागला. मागच्या सीटवर मुलगी दोन बोटांनी खिडकीच्या काचेवर काहीतरी वाजवत होती. लग्नाची चाल. एकही ठोका चुकत नव्हता.

"बाबा, what's in that?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि गाडी सुरू केली.