कोथिंबिरीची जुडी
ओल्या कोथिंबिरीचा वास आला की मला आमच्या चर्चमधला कापणीचा सण आठवतो. देवाला वाहिलेल्या वस्तूंचा त्या दिवशी लिलाव व्हायचा आणि पुकारताना देणाऱ्याचं नाव घ्यायची पद्धत होती. आई मार्केट यार्डात भाजी निवडायची. त्या वर्षी मी बी.ए. झाले, आमच्या घरात पहिलीच, म्हणून तिने कोथिंबिरीची एक जुडी वाहिली. डॉक्टरसाहेबांची केळी, प्राध्यापकांचे नारळ नावानिशी पुकारून झाले आणि मग लिलाव पुकारणारे चर्चचे पंच म्हणाले, "ही एक कोथिंबीर." शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी आईने मान खाली घातली. तेवढ्यात एक म्हाताऱ्या नर्सबाई काठी टेकत उठल्या. "कोथिंबीर काय आपली आपण चालत आली का हो? कुणाची ते सांगा की." पंच इकडेतिकडे पाहू लागले. बाईंनी आईला जुडी वाहताना पाहिलं होतं; त्या थेट आमच्या बाकाशी आल्या. "आपलं नाव काय?" आई म्हणाली, "मी बी.ए. झालेल्या मुलीची आई." "ते मुलीचं झालं. तुमचं सांगा." आईने हळूच सांगितलं. बाईंनी ते वेदीपर्यंत ऐकू जाईल असं पुन्हा उच्चारलं. त्याच वर्षी थंडीत आई गेली. तिच्या कबरीच्या दगडावर मी नुसतं 'आई' कोरू दिलं नाही. तिथे तिचं नाव आहे, आणि अजूनही गेले की मी ते मोठ्याने वाचते.